मधुमेही मांजराला नवं दुखणं जडलं तर या चुका टाळा

गेल्या वर्षी मे महिन्यात भुऱ्या दिवसातून आठ-नऊ वेळा लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या, ट्रेत जाऊन बसायला लागला. आमचा हा बोका बारा वर्षांचा, तीन वर्षांपासून मधुमेही, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनवर. मधुमेहात लघवी वाढते हे मला पाठ होतं. त्यामुळे मनाशी म्हटलं, साखर चढली असणार, त्यात हे ऊन. दोन दिवस मी फक्त पाण्याची वाटी भरत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रे साफ करताना लक्षात आलं की एवढ्या फेऱ्या होऊनही वाळूत लघवीने भिजून होणारा मोठा गोळा एकही नाही, नुसते सुपारीएवढे चार-पाच खडे. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मोसंबीएवढं टणक मूत्राशय हाताला लागलं. लघवी तुंबत आली होती. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. भुऱ्या वाचला, पण साखरेच्या नावावर घालवलेल्या त्या दोन दिवसांची रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही.

आमच्या नाशिकच्या इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड अशा भागांत मधुमेही मांजर सांभाळणाऱ्या तिघी-चौघींशी आता माझं नेहमी बोलणं होतं. आमच्या चुका बघितल्या तर बहुतेक एकाच मुळातून आलेल्या दिसतात. एकदा मधुमेहाचं निदान झालं की पुढचं प्रत्येक दुखणं आपण साखरेच्याच खात्यात टाकतो.

सगळं साखरेवर ढकलणं

जास्त पाणी, जास्त लघवी, वजनात घट. ही मधुमेहाची लक्षणं खरीच, पण म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडं थकली तरी हेच दिसतं. थायरॉइड वाढलं तरी मांजर अधाशासारखं खातं आणि रोडावत जातं. म्हणून इन्सुलिन नीट चालू असताना तहान पुन्हा वाढली, तर डोस वाढवून मागण्याआधी मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टी-फोर तपासणी करून घ्या. लघवीची साधी तपासणी पुरत नाही, कल्चरही (लघवीतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करायला सांगा. लघवीत साखर असली की जंतूंना आयतं खाद्य मिळतं, आणि मधुमेही मांजरात संसर्ग असूनही जळजळ, रक्त असं काहीच दिसत नाही, असं पुष्कळदा होतं.

मला हे फार उशिरा समजलं की उलटंही घडतं. साखर वाढल्यामुळे मांजर आजारी पडतं, तसं दुसऱ्या आजारामुळे साखर वाढते. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज यांतलं काहीही असलं की तेच इन्सुलिन कमी लागू पडतं. भुऱ्याची साखर एका पावसाळ्यात तीन आठवडे खाली येतच नव्हती. मग एकदा दिसलं की तो डाव्या बाजूनेच चावतोय आणि खाताना दाणा तोंडातून निसटतोय. उजवीकडची दाढ आतून सडली होती. ती काढल्यावर दहा-बारा दिवसांत आकडे आपोआप जागेवर आले, डोस तोच ठेवून.

लिटरच्या बाबतीत एक साधी खूण ध्यानात ठेवा. साखर वाढली की गोळे मोठे होतात. फेऱ्या जास्त आणि गोळे लहान, ट्रेत बसून कुंथणं, ओरडणं, खालची जागा सतत चाटणं हे दिसलं तर ते मूत्रमार्गाचं दुखणं समजा. बोका असेल तर सकाळची वाट बघू नका.

दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस बदलणं

मांजर घाबरलं की त्याची साखर झपाट्याने चढते. रिक्षात टोपली, द्वारका चौकातले हॉर्न, दवाखान्यात शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढं पुरतं. भुऱ्याची साखर एकदा दवाखान्यात ३४० आली. त्याच दिवशी घरी, खिडकीत पाय पसरून पडलेला असताना, १९०. मी त्या ३४० वर विसंबून डोस वाढवला असता तर रात्री काय झालं असतं, हा विचारसुद्धा नको वाटतो.

घरी तपासायला शिका. कानाची कड तळहातात धरून थोडी ऊबदार करा, कडेने जाणाऱ्या बारीक शिरेपाशी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा म्हणजे रक्ताचा थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो, मग टोचा आणि मीटरची पट्टी थेंबाला लावा. पहिले आठ दिवस दोघांनाही त्रास होतो. नंतर भुऱ्या खाऊच्या आशेने स्वतःच येऊन बसायला लागला. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खरी असते त्याहून थोडी कमी दाखवतो, म्हणून डॉक्टरांना मीटर कुठला आहे ते सांगा आणि मध्येच बदलू नका. गेल्या दोन-तीन आठवड्यांचा सरासरी अंदाज हवा असेल तर फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी असते. दवाखान्यातल्या भीतीने ती बिघडत नाही.

डोस बदलायचाच झाला तर डॉक्टर साधारण अर्ध्या युनिटने बदलतात आणि काही दिवस थांबून बघतात. टोचताना इन्सुलिन केसांवर सांडलं असं वाटलं तर पुन्हा टोचू नका. एक डोस कमी पडल्याने सहसा काही बिघडत नाही, पण दुप्पट गेला तर जिवावर बेतू शकतं.

सिरिंज न बघता घेणं

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण ही चूक आपल्याकडे फार सहज होते. भारतात इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. मांजरांना पुष्कळदा दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन १०० चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर एक युनिट नाही, अडीच युनिट जातं. चार-पाच किलोच्या जिवाला एकदम अडीचपट इन्सुलिन.

एका मेडिकलमध्ये काउंटरवरच्या मुलाने मला लाल टोपणाची पाकिटं दिली आणि म्हणाला, "ताई, सुई तीच आहे, कुठलीही चालते." चालत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दुकानातच बघा. घरात दोन जण आळीपाळीने टोचत असाल तर दुसऱ्या ताकदीची सिरिंज घरात ठेवूच नका.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्या. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि वीजही जाते. अशा वेळी फ्रीज उगाच उघडू नका. वीज लवकर येणार नसेल तर बाटली बंद डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवा, काही तास निभावतात. बाटली उघडल्याची तारीख वर लिहा. ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं, गढूळ दिसलं तर ते वापरू नका.

जेवलं नाही, म्हणून इन्सुलिनच बंद

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. मांजराने ताटलीला तोंड लावलं नाही आणि आपण सवयीने पूर्ण डोस टोचला, तर साखर धोकादायक खाली जाते. दुसरीकडे, खातच नाही म्हणून दोन-तीन दिवस इन्सुलिन बंद ठेवलं तर शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी आम्लं, म्हणजे कीटोन, साठतात आणि मांजर अत्यवस्थ होतं. आधी साखर तपासा, मग डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर काय करायचं, कुठल्या आकड्याला अर्धा डोस आणि कुठल्या आकड्याखाली अजिबात नाही, हे मांजर बरं असतानाच विचारून फ्रिजच्या दारावर लावून ठेवा. आमच्याकडे तो कागद आहे, आणि माझ्या सासूबाईंनाही तो वाचता येतो एवढ्या मोठ्या अक्षरात आहे.

एक दिवस पूर्ण उपाशी गेला की थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून दुसराच मोठा आजार उभा राहतो, आणि जाड मांजरांना हा धोका अधिक. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात असू द्या. उलट्या, निपचित पडणं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि पट्टीवर कीटोन असं एकत्र दिसलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा. सलाइन आणि देखरेख घरी जमत नाही.

साखर खाली गेली की कसं दिसतं, ते एकदा बघितलं की विसरता येत नाही. एका संध्याकाळी भुऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून नुसता उभा होता. हाक मारली तर वळला नाही. मग चालायला गेला तेव्हा मागचे पाय एका बाजूला घसरले. मीटरवर ४१. मी बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांवर चोळला, गालाच्या आतून, थोडा थोडा. पाजायचा नाही, कारण शुद्ध हरपत असलेल्या मांजराच्या घशात ओतलेलं फुप्फुसात जातं. दहा मिनिटांत त्याने मान वर केली, मग ओला खाऊ खाल्ला, आणि आम्ही निघालो. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नये, कारण टोचलेलं इन्सुलिन पुढे कितीतरी तास काम करत असतं आणि साखर पुन्हा पडते. मीटरवर ६० च्या खाली आकडा आला, किंवा मीटर हाताशी नाही पण मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, तर आधी मध लावा आणि मग बाकीचं.

घरातल्या डब्यातलं औषध

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कारल्याचा रस, मेथीची पूड, जांभळाच्या बिया यांनी मांजराची साखर सांभाळता येत नाही, आणि इन्सुलिनच्या जोडीला असलं काही दिलं की कशामुळे काय झालं हेच कळेनासं होतं. घरातल्या माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्याही नकोत. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही औषधं मांजरांसाठी मंजूर झाली, ते वाचून काही जण माणसांच्या त्याच वर्गातल्या गोळ्यांबद्दल विचारतात. ती औषधं आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि त्यांत साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोन होऊ शकतात.

खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलं जाणारं स्टेरॉइड साखर एकदम वर चढवतं, आणि लांब टिकणारं इंजेक्शन असेल तर आठवडेच्या आठवडे. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोंड उघडताच पहिलं वाक्य "याला मधुमेह आहे" हेच असू द्या.

आणि कांदा. आपला जिल्हाच कांद्याचा, आपल्याकडे कुठलाही रस्सा कांद्याशिवाय होत नाही. आजारी मांजर खात नाही म्हणून चिकनच्या रश्श्यात भात कालवून देणारी प्रेमळ माणसं मला माहीत आहेत. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी फरक पडत नाही. मधुमेही मांजराच्या तांबड्या पेशी मुळातच जास्त नाजूक झालेल्या असतात. चिकन नुसतं पाण्यात उकडा, मीठही नको. दूध-पोळी आणि दूध-भातही आता बंद करा. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या हातची दूध-पोळी भुऱ्या दहा वर्षं खात होता. आता त्या त्याला उकडलेल्या चिकनचे तुकडे हाताने भरवतात.

"वय झालं" म्हणून सोडून देणं

मधुमेही मांजर मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून, सशासारखं चालायला लागलं तर तो म्हातारपणाचा भाग नाही. वाढलेल्या साखरेने नसा दुखावल्यात. साखर नीट आटोक्यात आली की काही आठवड्यांत, काही महिन्यांत पुष्कळ मांजरं पुन्हा नीट चालतात. उडी मारता येत नसेल तेवढे दिवस खिडकीखाली एक स्टूल ठेवा. पण पाय अचानक लुळे पडले, गार लागले आणि मांजर वेदनेने ओरडत असेल, तर तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची असतात. मान खाली लोंबत असेल तर पोटॅशियम तपासायला सांगा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका दोनशे पानी वहीचा. मांजर ठणठणीत असतानाचे आकडे त्यात आहेत, म्हणून बिघडलेला दिवस ओळखू येतो. वजन आठवड्यातून एकदा, मी भुऱ्याला उचलून काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते. पाणी मोजून भरायचं, संध्याकाळी उरलेलं मोजायचं. लघवीचे गोळे किती, केवढे. खाल्लं किती, उलटी झाली का. साखर, डोस, वेळ. दवाखान्यात ती वही उघडून दिली की दहा मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत होतं, आणि घाबरलेल्या अवस्थेत माझ्याकडून काही राहून जात नाही.

रात्री कोण डॉक्टर फोन उचलतात, हे दिवसा विचारून ठेवा. एखाद्या तपासणीसाठी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जायची वेळ आलीच तर कसारा घाटातून चार-पाच तास धरा, बरोबर मध, मीटर आणि थंड डब्यात इन्सुलिन घ्या, आणि डोसची वेळ प्रवासात येते का ते आधी बघा. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातले रस्ते वाहनांना बंद होते, हे नाशिककरांना आठवत असेल. २०२७ च्या पर्वण्यांआधी मी इन्सुलिन, सिरिंज, पट्ट्या आणि ओला खाऊ यांचा महिनाभराचा साठा करणार आहे, आणि चालत जाता येईल असा एक दवाखाना आत्ताच बघून ठेवला आहे.