भाड्याच्या फ्लॅटमधील दुरुस्ती घरमालक करीत नसेल, तर काय करावे?

नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस प्रामुख्याने पश्चिमेच्या बाजूने येतो आणि ज्या इमारतीच्या त्या बाजूच्या गिलाव्याला भेगा पडलेल्या असतात, तेथे आतल्या भिंतीला ओल सुटते, रंगाचे पोपडे निघतात आणि कपाटातील कपड्यांना बुरशी लागते. भाडेकरू फोन करतो, घरमालक ‘बघतो’ म्हणतात, दिवाळीपर्यंत भिंत वाळते आणि विषय मागे पडतो. पुढच्या पावसाळ्यात तीच भिंत पुन्हा भिजते. अशा प्रकरणांत भाडेकरूची बाजू बहुधा खरी असते, परंतु ती दाखवणारा एकही कागद त्याच्या हाती नसतो. हा लेख मुख्यतः तो कागद कसा तयार करावा आणि कोणत्या टप्प्यावर कसा वापरावा याविषयी आहे.

पहिली पायरी : आपला करार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा

सर्वांत आधी करारनामा पूर्ण वाचा, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा नाशिक रोड येथील फ्लॅट आज बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती व परवाना करारावर, बऱ्याचदा ११ महिन्यांसाठी दिले जातात. अशा करारात राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक असते, भाडेकरू नव्हे. जुन्या नाशिकमधील आणि पंचवटीतील वाड्यांत पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबे मात्र सहसा खऱ्या अर्थाने भाडेकरू असतात. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो; तथापि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापून घेण्याचा जो अधिकार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने दिला आहे, तो भाडेकरूला आहे. केवळ परवान्यावर राहणाऱ्याने त्याच्या आधारे परस्पर रक्कम कापली, तर तो स्वतःच थकबाकीदार ठरू शकतो. इंटरनेटवरील सल्ल्यांमध्ये हा भेद क्वचितच सांगितलेला असतो आणि त्याचे परिणाम गंभीर असतात.

करारात दुरुस्तीविषयीचे कलम शोधा. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने आणि बांधकामाशी संबंधित किंवा मोठी दुरुस्ती मालकाने करावी, असे सामान्यतः लिहिलेले असते; ‘किरकोळ’ म्हणजे किती रुपयांपर्यंत, हे मात्र बहुतेक करारांत नसते आणि वाद तेथेच होतो. करार नोंदवलेला आहे का, हेही तपासा. मुदत ११ महिन्यांचीच असली, तरी याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींविषयीचे भाडेकरूचे म्हणणे, ते चुकीचे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

दुसरी पायरी : बिघाड नेमका कोणाचा ते ठरवा

नळाचा वॉशर, ट्यूबलाइट, तुमच्या वापराने तुंबलेले सिंक ही कामे स्वतः करून घ्यावीत. त्यासाठी पत्रव्यवहार केल्यास मोठ्या तक्रारीचे वजन कमी होते. भिंतीतील जुनी पाइपलाइन, बाथरूमच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग, गंजलेली वायरिंग, निखळलेला स्लॅबचा गिलावा ही कामे मालकाची.

फ्लॅट सोसायटीत असेल, तर तिसरा पक्ष येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, गच्चीतून होणारी पावसाची गळती, बाहेरची सामाईक पाण्याची व ड्रेनेजची पाइपलाइन यांची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावयाची असते, तर फ्लॅटच्या आतील शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने दुरुस्त करावयाची असते. गळती वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आहे की गच्चीतून, हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. पाऊस नसलेल्या दिवसांतही डाग ओला राहत असेल, तर संशय पाइपवर किंवा वरच्या बाथरूमवर जातो. केवळ पावसानंतर वाढत असेल, तर गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. तुम्ही संस्थेचे सभासद नसल्याने संस्थेकडील तक्रार घरमालकाने स्वतःच्या नावाने करणे योग्य, परंतु तुमच्या पत्राची प्रत सचिवांना देऊन पोच घेण्यास कोणतीही हरकत नाही.

तिसरी पायरी : पुरावा जमवा, मग पत्र लिहा

बिघाडाचे फोटो व व्हिडिओ दिवसागणिक काढा आणि मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवलेल्या फोटोतील तारीख-वेळेची आतली नोंद सहसा टिकत नाही. प्रकरण न्यायालयात गेले, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मोबाइल बदलला तरी जुना टाकून देऊ नये. एखाद्या प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला बोलावून बिघाडाचे कारण आणि अंदाजे खर्च त्याच्याकडून लिहून घ्या. शक्य असल्यास अशी दोन अंदाजपत्रके घ्यावीत.

त्यानंतर पत्र. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी मेसेजमधून लिहून पाठवणे ही चांगली सवय आहे, परंतु नोटीस म्हणून स्वतंत्र पत्रच पाठवावे आणि ते स्पीड पोस्टाने, वितरणाचा पुरावा मिळेल अशा रीतीने पाठवावे. घरमालक मुंबईला किंवा परदेशी राहत असतील, तर करारातील पत्त्यावर पत्र आणि सोबत ईमेल. भाषा सभ्य ठेवावी. तुम्हाला अजून त्याच घरात राहायचे आहे आणि हे पत्र उद्या न्यायाधीशही वाचू शकतात, हे लक्षात ठेवून लिहावे. उदाहरणार्थ :

‘मा. महोदय, आपल्या मालकीच्या वरील फ्लॅटमध्ये मी नोंदणीकृत कराराने राहत असून भाडे आजतागायत नियमित भरले आहे. बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीतून पाणी झिरपत असून त्याच भिंतीवरील स्विच बोर्ड ओला होतो, त्यामुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे. याबाबत आपणांस यापूर्वी फोनवर कळवले आहे. सोबत फोटो व दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडले आहे. कृपया हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत दुरुस्ती करून द्यावी. कामासाठी माणसे कोणत्या दिवशी येतील ते कळवल्यास मी घरी थांबेन.’

यातील शेवटचे वाक्य अवश्य लिहावे, कारण ‘भाडेकरू घर उघडून देत नव्हता’ हा बचाव त्यामुळे उरत नाही. १५ दिवसांची मुदतही सहज घातलेली नाही. कलम १४ मध्ये किमान १५ दिवसांची नोटीस सांगितलेली आहे.

चौथी पायरी : उत्तर आले नाही तर

तुम्ही भाडेकरू असाल आणि करारात याच्या विरुद्ध काही ठरलेले नसेल, तर नोटिशीनंतर वाजवी काळ वाट पाहून दुरुस्ती स्वतः करून घेता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो किंवा अन्य मार्गाने वसूल करता येतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. मासिक भाडे १२,००० रुपये असेल, तर वार्षिक १,४४,००० पैकी ३६,००० रुपयांपर्यंत. वाड्यात महिना २०० रुपये भाडे असणाऱ्या कुटुंबाला मात्र हीच तरतूद वर्षाला जेमतेम ६०० रुपये देते, आणि तेवढ्यात छपराची कौलेही बदलून होत नाहीत. ज्यांना दुरुस्तीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठी हा उपाय इतका तोकडा असावा, ही माझ्या मते या कायद्यातील खरी उणीव आहे. अशा वाड्यातील भाडेकरूंनी एकत्रित नोटीस द्यावी. कायद्याने तशी मुभा दिली आहे. बिले आणि हिशेब नीट ठेवावेत, कारण खर्चाचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो.

तुम्ही परवानाधारक असाल, तर वाटाघाटीचा मार्ग अधिक उपयोगी आहे. ‘काम मी करून घेतो, खर्च पुढील दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात वळता करू या’ असा प्रस्ताव द्यावा आणि मालकाची संमती, निदान मेसेजवर का होईना, लेखी घ्यावी. वेळ आणि मजूर शोधण्याचा त्रास वाचत असल्याने पुष्कळ घरमालक यास तयार होतात. संमती मिळाल्याशिवाय मात्र एक रुपयाही कापू नये.

दोन्ही बाबतींत भाडे थांबवू नये. रागाने भाडे बंद करणे ही या वादातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण त्या क्षणापासून चर्चा दुरुस्तीची राहत नाही, थकबाकीची होते. भाडे रोखीने न देता बँकेतूनच भरावे.

धोका असेल, तर वाट पाहू नये

स्विच बोर्डाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मेन स्विच बंद करून त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा. १५ दिवसांची नोटीस अशा वेळी लागू करत बसू नये. बंद बाथरूममध्ये बसवलेला गॅस गिझर त्याहून घातक आहे. हवा खेळती नसल्यास त्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग-वास नसल्याने कळतही नाही, म्हणून तो गिझर बाहेर हलवेपर्यंत वापरूच नये. बिल जपून ठेवून मालकाला लगेच कळवावे.

इमारतच धोकादायक वाटत असेल, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील किंवा भिंत फुगली असेल, तर नाशिक महानगरपालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात, म्हणजे नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर किंवा नाशिक रोड यांपैकी जेथे आपला भाग येतो तेथे, लेखी अर्ज द्यावा. धोकादायक बांधकामाबाबत मालकास नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेस आहे आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे कायद्याने आवश्यक आहे.

तक्रारीचा राग धरून मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार भाडेकरूला न्यायालयाकडून ती पूर्ववत करण्याचा आदेश मिळवता येतो. परवानाधारकाने अशा वेळी वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्य मिळते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांना आपण यात बसतो हे ठाऊक नसते.

घर सोडण्याची वेळ आल्यास

घरमालक ऐकतच नसतील, तर परवानाधारकासाठी घर बदलणे हाच पुष्कळदा कमी नुकसानीचा मार्ग ठरतो. त्याआधी लॉक-इन काळ (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) आणि नोटिशीची मुदत करारात पाहावी. मुदत संपल्यानंतर निषेध म्हणून घरात राहू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार त्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. चावी देताना मालकासोबत प्रत्येक खोली फिरून पाहावी, ओल व गळतीचे डाग कोणत्या तारखेच्या पत्रात कळवले होते ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, वीज मीटरचे रीडिंग त्यावरच नोंदवावे आणि डिपॉझिट कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात परत येईल ते लिहून घेतल्यानंतरच चावी हातात द्यावी.