डोळा बघून होमरची जोड लावताना या चुका टाळा

होमर, म्हणजे दूर नेऊन सोडलं तरी घरी परत येणारं कबूतर, विकणारा माणूस आधी पंख उघडत नाही, डोळा दाखवतो. डोळ्याचा रंग आणि कडं ही चांगल्या पक्ष्याची खूण, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. मोबाइलची बॅटरी लावतो, भिंग आपल्या हातात देतो आणि म्हणतो, "बघा, रंग कसा भरलाय." भिंगातून बघितलं की खरंच भान हरपतं. मधे काळी बाहुली, तिला लागून बारीकसं करडं कडं, त्याबाहेर पिवळ्या-तांबूस दाण्यांचा पट्टा. एवढं देखणं काही असतं हे आधी माहीतच नसतं.

मीही तसाच भुललो होतो. सहा वर्षांपूर्वी पिवळ्या डोळ्याचा नर आणि मोती, म्हणजे पांढरट डोळ्याची मादी अशी जोड घेतली, ती केवळ डोळ्यांवर. त्या हंगामात तिची सात पिल्लं उडाली. जवळच्या मिरजेवरून सोडली तेव्हा सगळी आली. त्याहून दूरच्या कवठेमहांकाळवरून चार आलीच नाहीत. त्याच ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या घरात, एक राखी मादी होती. डोळा फिका, कडं जेमतेम दिसणारं, कुणी फुकट नेली नसती. आणखी लांबच्या जतवरून सोडली की दर वेळी तीच पहिली येऊन फळीवर बसायची. तिची पिल्लं मी तोवर लोकांना वाटून टाकली होती. ती खंत अजून आहे, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त फसगत होते ती उजेडामुळे. पक्ष्याची बाहुली आपल्या बाहुलीसारखी नसते. आपल्या बाहुलीचा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. पक्ष्यांच्या बुबुळात मात्र हातापायांच्या स्नायूंसारखा पट्टेदार स्नायू असतो आणि बाहुली ते झटक्यात लहान-मोठी करतात. कबूतर हातात घाबरलेलं असेल तर उजेड तोच असतानाही बाहुली आकसते, पसरते, पुन्हा आकसते. प्रत्येक वेळी आतलं कडं कधी रुंद, कधी अरुंद दिसतं. म्हणजे ज्या कड्याच्या रुंदीवर दोन हजार रुपये जास्त मोजतोय, ती रुंदी मिनिटात दोनदा बदलते. त्यात बॅटरीचा झोत थेट डोळ्यात आला की चकाकी उठते आणि पांढरट डोळाही निळसर दिसतो.

बघायचंच असेल तर सकाळी नऊच्या आसपास सावलीत उभे राहा. ऊन थेट डोळ्यावर नको. पक्षी दोन-तीन मिनिटं हातात शांत होऊ द्या, मग एक डोळा बघा आणि मग दुसरा. दोन्ही डोळे बघणं कधीही चुकवू नका. विकणारा एकच बाजू पुढे करत असेल तर पक्षी स्वतः हातात घेऊन फिरवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून तर जोड ठरवूच नका. त्यातला रंग पक्ष्याचा किती आणि फोनचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी चूक कोवळ्या पिल्लांच्या बाबतीत होते. अंड्यातून सतरा-अठरा दिवसांनी पिल्लू बाहेर येतं, सातव्या-आठव्या दिवशी पायात रिंग घालतो, महिन्याभरात ते स्वतः दाणे टिपायला लागतं. तोवर डोळा काळपट-करडाच असतो. रंग पुढे तीन-चार महिने बसत राहतो. तरी आपल्याकडे चाळीस दिवसांच्या पिल्लाचा डोळा बघून "हे ब्रीडर होणार", म्हणजे चांगली पिल्लं देणारं होणार, असं सांगणारे आहेत. त्या वयात काही सांगता येत नाही. फार तर डोळे स्वच्छ आहेत का आणि बाहुल्या गोल आहेत का, एवढंच बघता येतं.

आता पिवळा आणि मोती यांच्या जोडीविषयी. पिवळ्याला मोतीच लावायचा, सारखे डोळे जोडले की रक्त उतरतं, म्हणजे वंशाचा कस जातो, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. यात खरं किती हे नीट समजून घेऊ. पिवळा-नारिंगी रंग बुबुळातल्या टेरिडीन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. मोती डोळ्यात ते द्रव्य नसतं, म्हणून तो पांढरट दिसतो, आणि त्यात जी गुलाबी लाली दिसते ती रक्तवाहिन्यांची असते. यामागचा जनुकातला बदल 2021 मध्ये संशोधकांनी शोधून काढला. हा गुण सुप्त आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे दोन मोती डोळ्यांच्या कबुतरांची सगळी पिल्लं मोती डोळ्याची निघतात. दोन पिवळ्यांची बहुतेक पिवळी निघतात, पण दोघांच्याही रक्तात मोती लपलेला असेल तर सरासरी चारातलं एक मोती निघू शकतं. पांढऱ्या पिसांच्या कबुतरात दिसणारा काळा डोळा ही वेगळीच गोष्ट आहे, त्याला या हिशेबात धरू नका.

या सगळ्यात घरी परतण्याचा गुण कुठे येत नाही. मोती जोडला म्हणून पिल्लू जतवरून लवकर येईल याला आधार नाही, आणि दोन पिवळे जोडले म्हणून वंश बुडतो यालाही नाही.

मात्र हा हिशेब एका कामाला फार उपयोगी पडतो. माझ्याकडे दोन्ही स्वच्छ मोती डोळ्यांची एक जोड होती. तिचं एक पिल्लू चार महिन्यांनी लख्ख नारिंगी डोळ्याचं झालं. मी आनंदात कबुतरं शिकवणाऱ्या आमच्या वस्तादांना दाखवायला नेलं. त्यांनी पिल्लू बघितलं, मग मला विचारलं, "जोड बंद खणात होती का मोकळी?" मोकळी होती. शेजारच्या खणातला नारिंगी डोळ्याचा नर मादीवर चढला होता. मी त्या पिल्लाच्या कार्डावर चुकीचा बाप लिहून बसलो होतो. तेव्हापासून जोड लावली की पहिली अंडी होईपर्यंत खणाचं दार बंद ठेवतो. तुमच्याकडे असं पिल्लू निघालं तर त्याच्या डोळ्याचं कौतुक नंतर करा, आधी वंशावळीची वही तपासा.

आजाराला खूण समजण्याची चूक सगळ्यात महाग पडते. डोळ्याची कड ओली, एका डोळ्यात पाणी, पापणीवर फुगवटा, आतला तिसरा पडदा अर्धा वर आलेला, पक्षी सारखा डोळा पंखावर घासतोय, ही आजाराची चिन्हं आहेत. एकाच डोळ्याला असेल तर मार किंवा कचराही असू शकतो. दोन्ही डोळे, शिवाय शिंका आणि नाकपुडीवरची पांढरी गाठ राखाडी झालेली असेल तर श्वासाचा संसर्ग धरून चाला. असा पक्षी त्याच दिवशी वेगळा करा आणि जनावरांच्या दवाखान्यात न्या. क्लॅमिडियासारखा जंतू माणसालाही लागतो, त्यामुळे ढाबळ झाडताना तोंडाला रुमाल बांधा आणि धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकू नका. जोडीच्या आधी तर नकोच.

आमचे वस्ताद नवा पक्षी आला की डोळा शेवटी बघायचे. आधी विष्ठा घट्ट आहे का, मग चोच उघडून घसा. घशात पिवळट, पनीरासारखा थर दिसला की तो पक्षी तिथल्या तिथे परत. मग छातीचं हाड सरळ आहे का आणि पंख. दहा मोठी पिसं एकेक करून सुटी करायचे, मोडलेलं किंवा आखडलेलं पीस बोटाला लगेच लागतं. हे सगळं पटलं की विचारायचे, "आई-बाप कुठून आलेत उडून?" उत्तर नसेल तर डोळ्यापर्यंत जातच नसत.

बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात हा होमर घडला तोही अंतरावरून परत आलेले पक्षी निवडून. तिथल्याच न्यू किम नावाच्या मादीला 2020 च्या लिलावात 16 लाख युरो मिळाले, ते तिच्या 2018 च्या शर्यतींच्या निकालामुळे. आणखी एक गोष्ट सांगतो. 1970 च्या दशकात संशोधकांनी कबुतरांना धुरकट भिंगं लावून सोडलं. त्यांना दूरचं काही स्पष्ट दिसत नव्हतं, तरी त्यातली बरीच घराच्या दिशेने उडाली आणि काही ढाबळीच्या अगदी जवळ येऊन उतरली. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास अशा अनेक आधारांवर ती दिशा धरतात. नजर महत्त्वाची आहेच, बहिरी ससाणा दिसायला तीच लागते. पण बुबुळाच्या रंगावरून त्या सगळ्या यंत्रणेचा अंदाज येत नाही.

तुमचा डोळ्यावर विश्वास असेल तर तो तपासून बघा, मी बघितला. हंगामाआधी प्रत्येक पिल्लाचा रिंग नंबर, दोन्ही डोळ्यांचं वर्णन आणि आपला अंदाज कार्डावर लिहिला, कार्डं पाकिटात घालून बायकोकडे दिली. हंगाम संपल्यावर परतण्याच्या नोंदींशी जुळवली. उत्तम म्हणून लिहिलेल्या नऊंपैकी पाच परतली, साधारण म्हणून लिहिलेल्या आठांपैकी सहा. एवढ्याशा आकड्यांवरून नियम काढता येत नाही, पण माझी खात्री त्यानंतर उरली नाही. मुख्य गोष्ट म्हणजे आधी लिहिणं. शर्यत जिंकून आलेल्या पक्ष्याचा डोळा सगळ्यांनाच सुंदर दिसतो.

आणि डोळा बघून जोड घेऊन बसलाच असाल तर ती विकायची घाई करू नका. मोठे होमर सोडले तर जुन्या घरी जातील, म्हणून ते बंदच ठेवा आणि त्यांच्या दोन वेतांची पिल्लं काढा. पावसाळा आणि पिसं झडण्याचा काळ सरला की थंडीत ती मिरजेवरून सोडा, मग कवठेमहांकाळ, जे सांगलीपासून हवेतून साधारण 35 किलोमीटर पडतं, आणि शेवटी जत, सुमारे 70. दुसऱ्या जोडीची पिल्लं त्याच पेटीत, त्याच सकाळी सोडा, म्हणजे वारा सगळ्यांना सारखा. कोण कितीला आलं ते मिनिटासकट लिहा आणि पुढच्या जोडीला बसताना भिंगाच्या आधी ती वही उघडा.