जुन्या ट्रंकेत लेखकाचं पत्र सापडलं तर काय करायचं

आमच्या घरी एक पोस्टकार्ड आहे. आजोबा शाळामास्तर, त्यांनी एका मोठ्या लेखकाला कथेतली चूक कळवली होती, की तुमचा नायक ज्या गावाला संध्याकाळच्या एसटीने जातो तिथे संध्याकाळी एसटी जातच नाही, आणि त्या माणसाने चक्क उत्तर पाठवलं. लेखकाचं नाव नाही सांगत, का ते पुढे येईलच. कार्ड संपलं तरी मजकूर संपेना म्हणून शेवटच्या दोन ओळी समासात उभ्या चढवल्यात, आणि 'ता. क.' तर पत्त्याच्या रेघेला चिकटवून इतक्या बारीक अक्षरात की आजी भिंग घेऊन वाचायची.

मग काका एक दिवस हौसेने ते लॅमिनेट करून घेऊन आला. दुकानदाराने कडा नीट दिसाव्यात म्हणून चारी बाजूंनी थोडं थोडं कापलं, त्यात पोस्टाचा अर्धा शिक्का गेला आणि शिक्क्यातलं वर्षही गेलं. आत लेखकाने फक्त 'दि. १२' लिहिलंय. बसा आता शोधत.

तर पहिली गोष्ट हीच, पत्र सापडल्या सापडल्या काहीच करू नका. पुसू नका, सेलोटेप लावू नका, गंजलेली टाचणी ओढून काढू नका. आधी जसं आहे तसे फोटो काढा, पाकिटाचे, घडीचे, कोणत्या वहीत किंवा कोणत्या गठ्ठ्यात होतं त्याचेपण. पाकीट तर अजिबात फेकायचं नाही. तिकिटं गोळा करणारी पोरं पूर्वी पाकिटाचा कोपरा कापून न्यायची, आणि त्या कोपऱ्यावरच शिक्का, म्हणजे तारीख आणि गाव असायचं.

फोटो झाले की तारीख लावायला बसा. मला यात सगळ्यात जास्त मजा येते त्यामुळे इथे जरा लांबण लागणार. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला (आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृतात कविता करणारे गृहस्थ). नुसतं 'पुणे ३०' किंवा 'मुंबई २८' असेल तर बहुतेक आधीचं, पण बहुतेकच, कारण आपल्याकडे लोक आजही पुणे ३० लिहितात. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर तिकीट १९५७ ते १९६४च्या दरम्यानचं, मात्र जुनी कार्डं लोक घरात साठवून नंतरही वापरायचे हे ध्यानात ठेवा. आमच्या कार्डाचं साल शेवटी आम्ही या नये पैशांवरूनच अंदाजाने लावलं. जी. ए. कुलकर्णींसारखा धारवाडला राहणारा लेखक असेल तर पत्त्यात म्हैसूर राज्य आहे का कर्नाटक तेही बघा, नाव १ नोव्हेंबर १९७३ला बदललं.

तारीख शके अशी असेल तर ७८ मिळवा, शके १८७५ म्हणजे १९५३. पौष-माघ-फाल्गुनातलं पत्र असेल तर इंग्रजी वर्ष बऱ्याचदा पुढे गेलेलं असतं, तेव्हा ७९. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार दिसले तर लिहिणारा १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी शिकलेला, पण यावरून पत्राचं साल ठरवू नका, माझी आजी शेवटपर्यंत 'नाहीं'च लिहायची. 'अितका', 'अुद्या' अशी अ-ची बाराखडी दिसली तर सावरकरांच्या लिपीसुधारणेचा वारा लागलेला माणूस. पत्र मोडीत असेल तर गुगलवर जीव काढू नका, सरळ मोडी वाचणारा माणूस गाठा, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

आता खरं की खोटं. मराठी लेखकांची पत्रं कोण कशाला खोटी करेल असं वाटतं, पण खोटी नसली तरी फसवी असतात. छापील आभारपत्र असतं, त्यावर सहीसुद्धा छापलेली. भिंगातून बघा, बारीक ठिपके दिसले तर छपाई, शाईच्या रेघेत दाब आणि जाडी बदलताना दिसली तर हाताने लिहिलेलं. उतारवयात कित्येक जण मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेऊन खाली फक्त सही करायचे, ते पत्र खरंच, पण 'हस्तलिखित' म्हणून सांगू नका. नोटा तपासायचा निळा टॉर्च मारा, कागद निळसर झगझगला तर तो साधारण १९५०नंतरचा धरा आणि १९३५ची तारीख असेल तर भुवया उंचवा. बॉलपेनही तसंच, बाजारात १९४५च्या सुमारास आलं, त्यामुळे केशवसुतांची बॉलपेनने केलेली सही कुणी दाखवली तर चहा पाजून परत पाठवा.

मग जपणूक. लॅमिनेशन नाही, हे मी मरेपर्यंत सांगणार. उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर सोडवायला गेलं तर कागदच सुटून येतो. ॲसिड-फ्री कागदाचं फोल्डर घ्या, नाहीतर पॉलिस्टरची पारदर्शक बाही, साधी पीव्हीसीची फाइल नको. घडी उघडून सपाट ठेवा, पण कागद कडक झाला असेल तर जबरदस्ती नको, घडीवरच तुटतो. हात धुवून नीट कोरडे करा, ग्लोव्ह्ज नकोत, कापडी ग्लोव्ह्जमध्ये कागद हाताला कळत नाही आणि फाटतो. पावसाळ्यात लोखंडी कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. डांबरगोळ्या पत्राजवळ नकोत, सिलिका जेलच्या पुड्या चालतील पण बदलत राहा. फ्रेम करून हॉलमध्ये लावायचं असेल तर कलर प्रिंट लावा, पाहुण्यांना फरक कळत नाही, आणि मूळ पत्र अंधारात. स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीत, दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा. फार खराब झालं असेल तर घरी प्रयोग नकोत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशनचं काम चालतं, तिथे विचारा.

आणि किंमत? सगळे आधी हेच विचारतात. जून २०२५मध्ये मुंबईच्या अस्तागुरूच्या लिलावात रवींद्रनाथ टागोरांची ३५ पत्रं जवळपास सहा कोटींना गेली, ती बातमी फिरली आणि सगळ्यांच्या माळ्यावर उजेड पडला. पण त्या गठ्ठ्यात काय होतं ते बघा, सगळी पत्रं एकाच माणसाला, धूर्जटिप्रसाद मुखर्जींना, सोबत काही पाकिटं, वेगवेगळे लेटरहेड, म्हणजे एक आख्खी मैत्री विकली गेली. आपल्याकडचं 'आपले पत्र पोचले, आभारी आहे' छापाचं एखादं कार्ड त्या रांगेत बसत नाही. कुणाला लिहिलं, कशाबद्दल लिहिलं, त्यात पुस्तकांबद्दल किंवा माणसांबद्दल काही आहे का, हे सहीपेक्षा महत्त्वाचं. आमच्या कार्डात दुसऱ्या एका लोकप्रिय लेखकाबद्दल दीड ओळीचा असा काही टोमणा आहे की वाचून आजही हसू फुटतं, आणि त्याच्यामुळेच मी नाव सांगत नाहीये. म्हणून गठ्ठा फोडून एकेक पत्र विकू नका, आणि नको तो मजकूर कापून तर मुळीच टाकू नका. जेन ऑस्टिनच्या बहिणीने तेच केलं, बरीच पत्रं नष्ट केली, काहींतले तुकडे कापले, आता जेमतेम १६० उरलीत आणि अभ्यासक त्या भोकांकडे बघत बसलेत.

कायद्याचं थोडक्यात. कागद तुमचा, मजकूर लेखकाचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे पु. ल. गेले २०००मध्ये, तर २०६० संपेपर्यंत. लेखक गेल्यावर पहिल्यांदाच छापलेल्या मजकुराचा हिशोब वेगळा, तो छापल्यापासून धरतात. त्यामुळे पूर्ण पत्र फेसबुकवर टाकण्याआधी वारसांना एक फोन करा, बहुतेक खूशच होतात. अमेरिकेतल्या मंडळींसाठी खास, ७५ वर्षांपेक्षा जुनं आणि साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित भारतीय कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतलं पत्र बॅगेत टाकण्याआधी चौकशी करा. द्यायचंच असेल तर पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, यांना आधी विचारा की घेता का आणि ठेवणार कसं, आणि पोचपावती घ्याच.

राहिलं एक काम, जे कुणी करत नाही. पत्र म्हणजे अर्धं बोलणं, दुसरं अर्धं शोधा. जी. एं.नी सुनीताबाई देशपांडेंना लिहिलेली पत्रं छापली गेली आणि सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेलीही, म्हणून त्या दोघांचं आज आपल्याला ऐकू येतं. तुमच्या घरातल्या माणसाने काय लिहिलं होतं म्हणून हे उत्तर आलं, ते डायऱ्यांत, वह्यांच्या मागच्या पानांवर बघा, लेखकाच्या घरच्यांना विचारा. आम्हाला आजोबांच्या हजेरीच्या जुन्या वहीत कच्चा खर्डा सापडला, तीनदा खोडलेला, 'आपल्या चुकीकडे लक्ष वेधू इच्छितो' खोडून 'धाडस करतो, क्षमा असावी'. खाली पेन्सिलने एसटीचं आख्खं वेळापत्रक उतरवलंय.