राजानं विचारायचं कोणाला? युरोपातली राजेशाही जमाखर्चाच्या वहीतून

मी इतिहासाची बाई नव्हे. एकतीस वर्षं सरकारी तिजोरीत बिलं तपासली, निवृत्त झाले, आणि आता दांडिया बाजारातल्या घरी भाचीचा अभ्यास घेते. बी.ए.चं पहिलं वर्ष. ‘अनियंत्रित राजसत्ता’ या विषयाच्या बावीस ओळी तिला घडाघडा पाठ होत्या. “मग ती कोसळली कशी?” म्हणून विचारलं तर म्हणाली, “लोक चिडले, आत्या.” अगं, लोक कायमच चिडलेले असतात. नुसत्या चिडण्यानं राजे गेले असते तर कोणाचीच दुसरी पिढी गादीवर बसली नसती.

म्हणून ही माझी रीत. आपल्या वडोदऱ्यात दिवाळीला चोपडापूजनासाठी लाल पुठ्ठ्याची लांब वही मिळते, ती आणा. प्रत्येक राजाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. आणि उजव्या कडेला एक अरुंद रकाना आखा, त्यावर लिहा: ‘विचारायचं कोणाला?’ सगळा जीव त्या रकान्यात आहे. मनाला येईल ते करणारा तो अनियंत्रित राजा, ही समजूत आधी काढून टाका. नवी पट्टी, म्हणजे कर, बसवताना ज्याला कोणाची मंजुरी लागत नाही, तो अनियंत्रित. एवढी व्याख्या धरून चाला.

सुरुवात फ्रान्सपासून करू नका, गुंता फार. आधी इंग्लंडचा पहिला चार्ल्स घ्या. पार्लमेंट पैसे देताना अटी घालते म्हणून त्यानं १६२९ ते १६४०, अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलीच नाही. मग घर कसं चालवलं? जमेच्या पानावर ‘जहाजपट्टी’ लिहा. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायची ही जुनी पट्टी त्यानं १६३५ पासून समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही लावली. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदारानं एक पौंडाची रक्कम द्यायला नकार दिला आणि खटला उभा राहिला. बारापैकी सात न्यायाधीश राजाच्या बाजूनं, पाच विरुद्ध. राजा जिंकला खरा, पण पाच जण विरुद्ध गेले हे गावोगाव कळलं. आमच्याकडेही एखाद्या बिलावर असा आक्षेप निघाला की पैसे सुटायचे, पण साहेबाचा रुबाब उतरायचाच.

आता खर्चाच्या पानावर स्कॉटलंड. १६३७ मध्ये चार्ल्सनं तिथल्या चर्चवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, बंड झालं, सैन्य उभारावं लागलं. लढाईचा खर्च जहाजपट्टीत बसेना. १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावीच लागली. पहिली तीन आठवड्यांत मोडली, दुसरी हलेचना. १६४२ ला यादवी युद्ध, ३० जानेवारी १६४९ ला राजाचा शिरच्छेद. रिकाम्या राहिलेल्या रकान्यात अकरा वर्षांनी एक शब्द लिहावा लागला, ‘पार्लमेंट’, आणि त्या शब्दानं डोकं नेलं.

इथंच तारखांची मेख सांगून ठेवते, कारण भाचीचे दोन गुण त्यातच गेले. त्या काळी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जुन्या कागदांत याच शिरच्छेदाचं साल १६४८ दिसतं. रशियाची ‘ऑक्टोबर’ क्रांती आपल्या दिनदर्शिकेत ७ नोव्हेंबर १९१७. तारखेपुढं जुनी की नवी ते पेन्सिलीनं लिहा.

आता फ्रान्स, आणि इथं घाई करायची नाही. चौदाव्या लुईसाठी चार पानं ठेवा. १६४३ ला गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. १६६१ ला मंत्री माझारँ वारल्यावर बाविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला, १७१५ ला मेला. “राज्य म्हणजे मीच” हे वाक्य त्याच्या तोंडी घालतात, ते उत्तरात लिहू नका. त्याच्या काळच्या एकाही कागदात ते नाही. त्याऐवजी रकान्यात ‘पार्लमां’ लिहा. नाव पार्लमेंटसारखं, पण ही निवडलेली सभा नव्हे, ही न्यायालयं. राजाचं फर्मान त्यांनी दप्तरी नोंदवल्याशिवाय लागू व्हायचं नाही, आणि नोंदवण्याआधी ती लेखी हरकत घेऊ शकायची.

हे वाचलं तेव्हा मी हसतच सुटले. आमचंच टेबल! बिल आलं, शेरा मारला, परत पाठवलं. फरक इतकाच की हरकत फारच झाली तर राजा स्वतः पॅरिसच्या न्यायालयात येऊन छताखाली गाद्यागिर्द्यांवर बसायचा आणि आपल्यासमोर फर्मान नोंदवून घ्यायचा. त्या बैठकीला ‘न्यायाची शय्या’ म्हणत. मोठे साहेब स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहिले की कोणता कारकून पेन खाली ठेवतो? लुईनं १६७३ मध्ये नियमच केला, आधी नोंदवा, मग हरकत घ्या. त्याची सत्ता समजायला ही एक ओळ पुरे.

आता खरी गंमत. हे न्यायाधीश त्याला काढून का टाकता येत नव्हते? कारण पदं विकलेली होती. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा भाग दरसाल भरला की ते पद मुलाकडे जायचं. म्हणजे आपलं वतनच. देशपांड्याचा मुलगा देशपांडे. राजाला आज रोकड मिळाली आणि उद्या हुकूम मोडणारा माणूस कायमचा घरात बसला. त्याला उतारा म्हणून प्रांतात ‘इंतांदां’ नेमले, राजानं धाडलेले आणि राजा परत बोलावू शकेल असे. मराठी वाचकाला हे कमाविसदार म्हणून लगेच कळतं. वतनदाराच्या डोक्यावर कमाविसदार, एवढं लिहिलं की अर्धा धडा झाला. व्हर्सायचे आरसे आणि कारंजी एका ओळीत उरका, परीक्षक ती शंभर उत्तरांत वाचतो.

खर्चाच्या पानावर लढाया. त्यापायी १६९५ मध्ये सरदारांवरही डोईपट्टी बसली. बावीस वर्ग पाडले आणि पहिल्या वर्गात खुद्द युवराज, दोन हजार लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन). पण सरदारांनी सवलती काढल्या, धर्मसंस्थेनं रक्कम देऊन सुटका करून घेतली. करात माफी असलेलेच सगळ्यात श्रीमंत, ही वहीतली गळती पुढं शंभर वर्षं बुजली नाही.

मग सोळावा लुई, साल १७८८. भाचीनं खर्चात पहिली नोंद केली: राणीचे कपडे, दागिने. मी खोडायला लावली. त्या वर्षीच्या खर्चात दरबाराचा वाटा शेकडा सहाच्या आसपास, लष्कराचा चौथाईच्या घरात, आणि निम्मा पैसा कर्ज आणि व्याजात. ते कर्ज बरंचसं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडला नडण्यासाठी काढलेलं. पार्लमां म्हणाली, नवा कर हवा तर इस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकीची रयत या तीन वर्गांच्या सभेला, विचारा. ती शेवटची भरली होती १६१४ मध्ये. १६१४ आणि १७८९ हे दोन आकडे एकाखाली एक लिहा, वजाबाकी करा. एकशे पंच्याहत्तर वर्षं तो रकाना रिकामा.

५ मे १७८९ ला सभा भरली. १७ जूनला तिसऱ्या वर्गानं स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं. १४ जुलैचा बास्तीय तुरुंगावरचा हल्ला सगळ्यांना येतो. मी भाचीला १७ जूनवर थांबवते. त्या दिवशी सभेनं ठरवलं की राष्ट्राच्या संमतीशिवाय बसवलेले सगळे कर बेकायदा, पण सभा चालू आहे तोवर ते तात्पुरते वसूल होऊ देत. आणि देशाच्या कर्जाची हमीही घेतली. तिजोरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारा, राज्य कोणत्या दिवशी बदललं ते.

यानंतर इंग्लंडचं पान पुन्हा उघडा. १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानं पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडं सैन्य नाही. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली, सरकारला बारा लाख पौंड, व्याज आठ टक्के. हात बांधलेल्या राजाला सावकार भरवशानं देत होते, हात मोकळे असलेल्याला महाग.

बाकीचे झटपट. डेन्मार्कनं अनियंत्रित सत्ता १६६५ मध्ये चक्क कायदा लिहून राजाला दिली, ती १८४९ च्या संविधानापर्यंत टिकली. पोलंड उलट टोक, सभेत एकाचं ‘नाही’ पुरे. १७९५ पर्यंत शेजाऱ्यांनी देशच वाटून घेतला. प्रशियाचा फ्रेडरिक आणि ऑस्ट्रियाचा जोसेफ एका पानावर, ‘प्रबुद्ध’ मथळ्याखाली. जोसेफला हंगेरीतल्या बहुतेक सुधारणा मरण्याआधी स्वतःच्याच सहीनं मागे घ्याव्या लागल्या, हे विसरू नका.

गेल्या रविवारी सेव उसळ खाऊन आम्ही लक्ष्मीविलासवरून परतत होतो. भाची म्हणाली, “आत्या, मग आपले सयाजीराव? १९०६ ला अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते कोणाला विचारून?” प्रश्न बरोबर जागी पडला होता. वहीच्या शेवटी गायकवाडांचं पान केलं. तिजोरी त्यांची, हुकूम त्यांचा. पण मागच्या पानावर मल्हारराव आहेत, १८७५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून उतरवलेले. त्यांच्या रकान्यात तिनं ‘रेसिडेंट’, म्हणजे संस्थानात बसवलेला इंग्रज अधिकारी, असं लिहिलं. सयाजीरावांच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसली, मग तेच नाव पेन्सिलीनं लिहिलं, फिकट.