कॅफिनच्या अतिमात्रेचा रुग्ण: इमर्जन्सी विभागात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी
रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर आलेल्या एका तरुणाने कॅफिनची शुद्ध पावडर चमच्याने अंदाजे मोजून घेतली होती. नाडी मिनिटाला 190, न थांबणाऱ्या उलट्या, हातांना कंप, रक्तदाब 80/30 आणि रक्तातले पोटॅशियम 2.3 इतके कमी असे चित्र असूनही, 'कॉफीतलेच द्रव्य तर आहे' या समजुतीमुळे गांभीर्य ओळखायला मला उशीर झाला. निरोगी प्रौढाला दिवसाला साधारण 400 मिलिग्रॅम कॅफिन सोसते आणि सुमारे 10 ग्रॅम प्राणघातक ठरू शकते. पावडरच्या बाबतीत हे अंतर मोजक्या चमच्यांचेच असते.

या विषावर उतारा नाही, आणि हाताला सवयीची झालेली औषधे इथे दगा देतात. मी आधी वेगवान नाडी उतरवण्यासाठी अ‍ॅडेनोसिन दिले आणि नाडी जराही उतरली नाही, कारण ज्या रिसेप्टरांवर ते काम करते तेच कॅफिनने अडवलेले असतात. रक्तदाब कमी असताना बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारे औषध) देण्याचे धाडस तर मला झालेच नसते. ते वरिष्ठांनी केले. बीटा-2 उत्तेजनामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि अतिवेगामुळे हृदय पुरते भरत नाही, म्हणून एस्मोलॉल या बीटा ब्लॉकरने वेग आवरला की रक्तदाब उलट सुधारू शकतो, शिवाय ते थांबवताच काही मिनिटांत त्याचा प्रभाव ओसरतो. तरीही हा निर्णय नवख्याने एकट्याने घेऊ नये. सलाइननंतरही रक्तदाब सावरत नसेल तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन किंवा फेनिलएफ्रिन बरे. अ‍ॅड्रेनॅलिन बीटा उत्तेजनात भरच घालते.

रक्तात कमी दिसणारे पोटॅशियम शरीरातून मुख्यतः गेलेले नसते, ते पेशींमध्ये शिरलेले असते. ते जपून द्यावे आणि वारंवार तपासावे, नाहीतर कॅफिन उतरू लागताच ते धोकादायक पातळीवर चढते.

झटके आणि अस्वस्थतेसाठी बेंझोडायझेपिन द्यावे. फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधाच्या वाटेला जाऊ नये. रुग्ण लवकर आला आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल उपयोगी पडतो, मात्र उलट्या आधी थांबवाव्या लागतात.

नेफ्रॉलॉजीला फोन करायला मात्र झटक्यांची वाट पाहू नका. कॅफिनचा रेणू लहान, प्रथिनांशी त्याचे बंधन कमी आणि शरीरात तो फार विखुरतही नाही, त्यामुळे हेमोडायलिसिसने तो चांगला निघतो. आमच्या रुग्णाची नाडी डायलिसिसच्या चौथ्या तासाला 110 वर आली. पावडर चुकून जास्त पडली की जाणूनबुजून घेतली, हे आम्ही त्यानंतर, नातेवाइकांना बाहेर थांबवून, त्याला विचारले आणि डिस्चार्जपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावले.