सामायिक कंटेनरचे बिल दरपत्रकापेक्षा फुगते तेव्हा: माझा अनुभव

सांगलीची हळद पावडर न्हावा शेवा बंदरातून ब्रिटनला पाठवताना सामायिक (अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या) कंटेनरचे भाडे स्वस्त दिसे, पण ग्राहकाच्या हाती पडणारे बिल दरवेळी फुगलेले असे. घासाघीस केली, फॉरवर्डर (मालवाहतूक ठरवून देणारा मध्यस्थ) बदलला, तरी फरक पडेना. वैताग आला होता.

अखेर आधी पॅलेटसह (मालाखालच्या फळ्यांच्या चौकटीसह) मालाचे घनमीटर काढले आणि टनांतील वजनाशी ताडून मोठा आकडा आकारणीसाठी धरला. मग सागरी भाड्याबरोबर दोन्ही बंदरांवरील सीएफएस (कंटेनर भरण्याचे व रिकामे करण्याचे गोदाम), हाताळणी व डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा आदेश) यांचे शुल्क लेखी मागवले, कारण खरी वाढ उतरण्याच्या बंदरावर, तीही प्रतिघनमीटर होत होती. त्यानंतर त्याच तपशिलाचे वीस फुटी पूर्ण कंटेनरचे दरपत्रक शेजारी ठेवले. माल १५ घनमीटरच्या आसपास होता. सुमारे ३३ घनमीटरचा कंटेनर निम्मा रिकामा जाऊनही एकूण खर्च कमी आला, आणि हळदीचा वास परक्या मालाला लागण्याची धास्तीही मिटली.