हर्णैला जाण्याआधी फोकस अंगठ्याकडे द्या

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर ब्राह्मणी घारी टिपायला निघत असाल, तर फोकसचं काम शटरच्या बटणाकडून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या एएफ-ऑन (एएफ म्हणजे ऑटोफोकस) बटणाकडे देणं घरीच उरका. सुवर्णदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसून मेनू शोधणं जमत नाही. कॅननला कस्टम कंट्रोल्समध्ये शटरसाठी फक्त 'मीटरिंग स्टार्ट' (उजेड मोजणं) ठेवा, निकॉनला 'एएफ-ऑन ओन्ली' निवडा, सोनीला 'एएफ विथ शटर' बंद करा. सोबत फोकस मोड सर्व्हो किंवा एएफ-सी, म्हणजे सतत फोकस घेत राहणारा, हवाच. मग अंगठा दाबून धरला की फोकस पक्ष्यामागे धावतो, उचलला की आहे तिथे थांबतो.

संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू असताना याचं मोल कळतं. घार खाली झेपावते आणि मध्येच डोलकाठ्या, दोर, निशाणं येतात. तेवढ्या क्षणापुरता अंगठा उचलायचा, शटर दाबलेलंच ठेवायचं, घार पलीकडे निघाली की पुन्हा दाबायचं. फोकस शटरवरच राहिला असता तर डोलकाठीला चिकटला असता. आंजर्ल्याच्या खाडीकाठी कांदळवनात खंड्या बसलेला दिसला, तर एकदा फोकस घ्या, अंगठा सोडा, चौकट हवी तशी जुळवा आणि तो पाण्यात सूर मारेल त्याची वाट पाहा. हाच खंड्या होडीतून टिपताना मात्र अंगठा सोडू नका. होडी हेलकावत असते आणि लांब लेन्सला हातभर फरकही खपत नाही.

माझा सगळ्यात जास्त आग्रह सरावाचा आहे. निघण्याआधी रोज थोडा वेळ परसातल्या कावळ्यांवर, बुलबुलांवर अंगठा बसवा. बोटांना विचार करावा लागला की घार गेलीच.

निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर नुसत्या एएफ-ऑनने व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) सुरू होत नाही, शटर अर्धं दाबावं लागतं. तेही सवयीत घ्या. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग 1/2000 सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. जादा बॅटरी, कोरडं फडकं घ्या. एसी खोलीतून निघाल्यावर बॅग लगेच उघडू नका, लेन्सवर वाफ धरते.

पुढे वेळासला कासवांची पिल्लं पाहायची असतील तर फ्लॅश आणि फोकसला मदत करणारा दिवा, दोन्ही मेनूतूनच बंद करून ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राची वाट चुकतात.

आणि कॅमेरा कुणाच्या हातात देणार असाल, तर शटरवर फोकस असलेली जुनी मांडणी डायलवरच्या सी1 किंवा यू1 या स्वतःची मांडणी साठवायच्या जागेवर जपून ठेवा. अंगठ्याचं माहीत नसलेल्याने काढलेला घरच्यांचा फोटो धूसर येतो.